पातळ तळाचे बूट : रोजच्या चालण्यासाठी आणि डोंगरवाटांसाठी निवड कशी करावी

टाचेखाली जाड गादी नसलेले, बोटांना पसरायला जागा देणारे आणि हाताने सहज दुमडता येणारे बूट ‘बेअरफूट शूज’ या नावाने गेली पंधरा-वीस वर्षे जगभर विकले जात आहेत. आता पुण्या-मुंबईतल्या ट्रेकर मंडळींत आणि रोज सकाळी टेकडीवर जाणाऱ्यांतही त्यांच्याविषयी कुतूहल दिसू लागले आहे. या बुटांबद्दलची चर्चा मात्र बहुतेक वेळा दोन टोकांना जाते. काहींच्या मते सर्व पायदुखीचे मूळ आधुनिक बुटांत आहे, तर काहींना गादी नसलेल्या बुटाने डोंगरात जाणे हा निव्वळ वेडेपणा वाटतो. दोन्ही बाजूंना एकाच वस्तूतले तीन-चार वेगवेगळे गुण एकत्र करून बोलण्याची सवय असल्यामुळे हा वाद सुटत नाही. ते गुण सुटे केले की निवड बरीच सोपी होते.

अशा बुटांची सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या बराच काळ नव्हती. २०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांच्या मतांवरून एक व्याख्या आणि तिच्यासोबत गुणांकनाची एक पद्धत तयार झाली. बुटाचे वजन, तळाची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, तळाची लवचिकता आणि पाय आत किंवा बाहेर कलू नये म्हणून बसवलेले आधार असे पाच निकष तिच्यात आहेत. प्रत्येकाला सारखेच महत्त्व देऊन कोणत्याही बुटाला शून्य ते शंभर टक्के गुण देता येतात. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे, पुढच्या भागाची रुंदी या पाच निकषांत नाही. माझ्या मते सामान्य माणसासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. या संपूर्ण लेखाचा आग्रह एका क्रमाचा आहे : बूट निवडताना आधी रुंदी पाहावी, मग टाचेची उंची, मग लवचिकता, आणि तळ किती पातळ हवा हे सर्वांत शेवटी ठरवावे. दुकानदार आणि जाहिराती हाच क्रम उलटा करून सांगतात.

टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला बाजारात ‘ड्रॉप’ म्हणतात. धावण्याच्या नेहमीच्या बुटांत तो साधारण ८ ते १२ मिलिमीटर असतो आणि टाचेखालची एकूण जाडी २५ ते ४० मिलिमीटरपर्यंत जाते. बेअरफूट बुटांत ड्रॉप शून्य असतो आणि जाडी बहुधा ३ ते १० मिलिमीटरच्या दरम्यान असते. मात्र ‘झीरो ड्रॉप’ असे लिहिलेला प्रत्येक बूट पातळ असतोच असे नाही. अल्ट्रासारख्या कंपन्यांचे अनेक बूट टाचेला आणि चवड्याला सारख्याच उंचीचे, पुढून रुंद, पण तळाला भरपूर गादी असलेले असतात. हा मधला पर्याय पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

या बुटांनी पायात नेमके काय बदलते हे कळायला पायाची रचना थोडी समजून घ्यावी लागते. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध असतात. तळव्याखालून टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत एक मजबूत पट्टा गेलेला असतो. पाऊल उचलताना अंगठा वर वळला की हा पट्टा ताणला जातो, त्यामुळे पायाची कमान उंच व कडक होते आणि पाय जमिनीला जोराने ढकलू शकतो. जे. एच. हिक्स या शरीररचनातज्ज्ञाने १९५४ मध्ये या क्रियेचे वर्णन केले. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जावा तसा हा पट्टा अंगठ्याच्या सांध्याभोवती ओढला जातो. ही यंत्रणा नीट चालण्यासाठी अंगठा सरळ राहायला हवा आणि त्याला मोकळेपणाने वर वळता यायला हवे. बुटाचे टोक निमुळते असेल तर अंगठा करंगळीच्या दिशेने दाबला जातो, आणि तळ ताठ असेल तर तो पुरेसा वळतच नाही. मग जे काम पायाने करायचे ते काही प्रमाणात बूटच करतो. वर्षानुवर्षे असे झाले की पायाच्या आतले छोटे स्नायू कमी वापरले जातात.

टाच उंचावलेली असल्याचा परिणाम वेगळ्या ठिकाणी दिसतो. पोटरीचे स्नायू आणि टाचेमागची जाड कंडरा यांना रोज थोड्या आखूड स्थितीत काम करण्याची सवय होते. सपाट बुटात गेल्यावर पहिल्या आठवड्यांत पोटऱ्या का भरून येतात, याचे उत्तर इथे आहे. तळव्याच्या त्वचेत दाब आणि कंपन ओळखणाऱ्या संवेदी टोकांची दाटी असते. तळ पातळ असेल तर जमिनीचा उंचसखलपणा त्यांना कळतो आणि पाय आपोआप हलका पडू लागतो. या संवेदनेचा घट्ट्यांशी असलेला संबंध केनियात तपासला गेला. तिथे अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यावरचे घट्टे जाड असूनही त्यांची स्पर्शसंवेदना कमी झालेली नव्हती, असे २०१९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

आता पुराव्यांकडे वळू. आपल्या जवळचा आणि बराच उद्धृत केला जाणारा अभ्यास कर्नाटकातल्या मणिपालचा आहे. तिथल्या राव आणि जोसेफ या अस्थिरोगतज्ज्ञांनी ४ ते १३ वर्षे वयाच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले आणि ते निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते आणि सँडल किंवा चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरीही वाढत्या वयात पायाला मोकळीक मिळावी या म्हणण्याला त्यातून बळ मिळते. प्रौढांच्या बाबतीत लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले, की सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घातल्यावर पायाची ताकद सरासरी ५७.४ टक्क्यांनी वाढली. त्याआधी, २०१९ मध्ये, अमेरिकेतल्या एका अभ्यासात आठ आठवडे या बुटांनी चालणाऱ्यांच्या पायाचे स्नायू मुद्दाम पायाचे व्यायाम करणाऱ्यांच्या इतकेच सुधारले होते. हे सर्व चालण्याविषयी आहे, आणि ती बाब महत्त्वाची आहे.

धावण्याच्या बाबतीत चित्र इतके सरळ नाही. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक टाचेऐवजी चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे धक्का कमी बसतो, असे मांडले. त्या सुमारास अशा बुटांची लाट आली आणि असंख्य लोकांनी एका रात्रीत बूट बदलले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या बुटांवर आणले गेले, तेव्हा १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. पुढे २०१४ मध्ये असे बूट बनवणाऱ्या व्हिब्रम या कंपनीने आपल्या बुटांच्या आरोग्यदायी गुणांविषयी केलेल्या दाव्यांवरून अमेरिकेत चाललेला खटला ३७.५ लाख डॉलरची तडजोड करून मिटवला. आपली चूक झाली असे मात्र तिने मान्य केले नाही. इथे सहज आठवणारा दाखला अबेबे बिकिलाचा. १९६० मध्ये रोमला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकणारा हा इथिओपियन धावपटू १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून धावला आणि तीन मिनिटे कमी वेळात पुन्हा जिंकला. अनवाणी धावण्याचे प्रचारक त्याच्या पहिल्या शर्यतीचेच छायाचित्र वापरतात.

चालताना मनुष्य अनवाणी असला तरी आधी टाचच टेकवतो. धावण्याची शिकवण चालण्यावर लादून ‘चवड्यावर उतरा’ असा सल्ला नवख्यांना दिला जातो. तो पाळल्यास पोटरी आणि चवड्याची हाडे विनाकारण शिणतात. टाच अलगद टेकवणे, पाऊल थोडे आखूड ठेवणे आणि शरीराच्या फार पुढे पाय न टाकणे इतके पुरेसे असते. पातळ तळ असला की जोरात आदळलेली टाच स्वतःच दुखून तशी आठवण करून देते.

काही लोकांनी हे बूट डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ज्यांना मधुमेहामुळे तळव्यांत बधिरपणा आला आहे त्यांच्यासाठी पातळ तळ धोक्याचा आहे, कारण या बुटांचा सारा फायदा संवेदनेवर उभा आहे आणि ती नसेल तर खडा टोचल्याचे किंवा जखम झाल्याचे कळतच नाही. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी आपल्याकडे अनेक वर्षे ‘एमसीआर’ नावाच्या मऊ रबराच्या चपला दिल्या जातात, त्या नेमक्या याच्या उलट विचारावर बनवलेल्या असतात. अंगठ्याचा मुख्य सांधा कडक झालेला असेल तर लवचिक तळ त्रास वाढवतो, कारण तो सांधा वळत नसताना बूट त्याला वळायला लावतो. टाचेमागच्या कंडरेचे जुने दुखणे, सकाळी पहिले पाऊल टाकताना होणारी टाचदुखी किंवा हाडांचा ठिसूळपणा असलेल्यांनी पातळपणाच्या मागे न लागता रुंद पण गादी असलेला मधला पर्याय आधी पाहावा.

रुंदीचा मुद्दा आपल्यासाठी अधिक तीव्र आहे. भारतात बुटांची मापे ब्रिटिश किंवा युरोपीय साच्यांवर ठरत आली आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची त्रिमितीय मापे घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपीय वा अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचे दिसले. दुकानात बूट चावतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग लांबी जास्त होते आणि टाच मागे सुटते. करंगळीवरची कुरुपे आणि अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेले हाड यांच्यात या सवयीचा वाटा असतो.

माप घरी घेणे अवघड नाही. दिवसभर चालून पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहावे, दोन्ही पायांवर सारखे वजन असावे, आणि पेन्सिल सरळ उभी धरून पावलाची कड दुसऱ्या कोणाकडून आखून घ्यावी, कारण स्वतः वाकले की वजन सरकते. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि अंगठ्याच्या मुळापासून करंगळीच्या मुळापर्यंतची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. सर्वांत लांब बोट काहींचे अंगठ्याशेजारचे असते, हे विसरू नये. दोन्ही पायांत फरक असेल तर मोठ्या पायाचे माप धरावे. लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवले की बुटाच्या आतली लांबी मिळते. ऑनलाइन विकणाऱ्या अनेक बेअरफूट कंपन्या आपल्या प्रत्येक नंबराची आतली लांबी देतात, तिच्याशी हा आकडा ताडून पाहावा. ब्रिटिश नंबरांतला एकेक टप्पा साधारण साडेआठ मिलिमीटरचा आणि युरोपीय नंबरांतला पावणेसात मिलिमीटरचा असतो, त्यामुळे नंबरांचे तक्ते एकमेकांशी नेमके जुळत नाहीत आणि मिलिमीटरच खरे मानावेत.

दुकानात बूट हातात असेल तर सुखतळा बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर उभे राहावे. बोटे किंवा चवड्याची कड सुखतळ्याच्या बाहेर लोंबत असेल, तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे, मग विक्रेता ‘वापराने सैल होईल’ असे कितीही म्हणो. त्यानंतर बूट पायात घालून बोटे पसरून पाहावीत, उतारावर किंवा जिन्यावर उतरताना बोटे पुढे आपटत नाहीत ना ते बघावे आणि टाच मागे घट्ट बसते का याची खात्री करावी. लवचिकता तपासायला बूट टोकाकडून गुंडाळून पाहावा आणि कापड पिळावे तसा पिळून पाहावा. चांगला बेअरफूट बूट दोन्ही वेळा फारसा विरोध करत नाही. काही बूट पुढून मऊ आणि मध्ये ताठ असतात, तेही चालतात. मात्र पुढचा भाग ताठ आणि वर वळलेला असेल, तर त्याला बेअरफूट म्हणण्यात अर्थ नाही.

शहरातल्या रोजच्या चालण्यासाठी हे बूट सर्वांत उपयोगी ठरतात, आणि सुरुवातही तिथूनच करावी असे मला वाटते. रस्ता सपाट असतो, पाठीवर ओझे नसते आणि पाय दमला की रिक्षा मिळते. तळ किती जाड असावा याचे उत्तर मात्र तुमच्या दिवसावर अवलंबून आहे. दिवसाचे सात-आठ तास कडक फरशीवर उभे राहणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला ३-४ मिलिमीटरचा तळ जाचेल, त्याने आत तीनेक मिलिमीटरचा सुखतळा असलेला आणि एकूण ८ ते १० मिलिमीटरचा बूट घ्यावा. सकाळी तासभर चालणाऱ्याला त्याहून पातळ चालतो. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या डांबरी रस्त्याची उष्णता पातळ रबरातून आत येते. पावसाळ्यात मुंबईसारख्या शहरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाणी साचलेल्या रस्त्यात जाळीदार, पातळ बूट घालून जाणे टाळावे, कारण पायाला जखम असेल तर त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. त्या दिवसांसाठी गमबूटच बरे, त्यांचा तळ कितीही जाड असो.

कोल्हापुरी चपलांची इथे आठवण होणे स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलांचा तळ बहुधा सपाट असतो, कमानीला आधार नसतो आणि बोटे मोकळी असतात. पण चामड्याचे थर एकावर एक बसवल्याने तो तळ नवा असताना बराच ताठ असतो आणि टाच मागून बांधलेली नसते. मागे पट्टा नसलेली कोणतीही चप्पल पायात ठेवण्यासाठी बोटे आवळावी लागतात, त्यामुळे लांब चालीत चवडा दमतो. घरात अनवाणी आणि बाहेर सपाट चपलांत वाढलेल्या माणसाला बेअरफूट बुटांची सवय लवकर होते, असे माझ्या पाहण्यात आहे. याउलट लहानपणापासून गादीच्या बुटांत वावरलेल्यांना जास्त धीर धरावा लागतो.

सह्याद्रीत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण एका दिवसाच्या ट्रेकमध्येही पायाखालची जमीन चार-पाच वेळा बदलते. कोरड्या बेसॉल्टच्या कातळावर पातळ, मऊ तळाचा बूट उत्तम चालतो. खडक खरखरीत असतो, तळाचा मोठा भाग त्याला चिकटून बसतो आणि छोटी खाच पायाला कळते, त्यामुळे सोप्या कातळटप्प्यांवर पाय आत्मविश्वासाने पडतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवरही पकड चांगली मिळते, पण जांभा छिद्राछिद्रांचा आणि धारदार असल्याने ४-५ मिलिमीटरच्या तळातून तो तासाभरात नकोसा होतो. खरी परीक्षा घळीतून उतरताना होते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा सांधण दरी अशा ठिकाणी तासन् तास धोंड्यांवरून पाय टाकत जावे लागते आणि प्रत्येक पावलाला खडकाची कड तळव्याच्या वेगळ्याच बिंदूवर दाबते. पहिल्या दोन तासांत त्याची मजा वाटते, चौथ्या तासाला पाय दमतो आणि दमलेला पाय चुकीच्या ठिकाणी पडतो. अशा वाटांसाठी तळात खड्यांचा दाब पसरवणारा पातळ थर असलेला बूट घ्यावा, किंवा सरळ मधला गादीवाला पर्याय निवडावा. शिड्या असलेल्या वाटांवर, उदाहरणार्थ कळसूबाई शिखराला, अरुंद लोखंडी पायरी तळव्याच्या मध्यावर येते आणि मऊ तळातून ती टोचते. तिथे पाय चवड्यावर टेकवण्याची सवय करून घ्यावी.

पकडीविषयी फार गैरसमज आहेत. तळावरच्या खोल खाचा मातीत आणि मुरमात उपयोगी पडतात, कारण त्या जमिनीत रुततात. तीन-चार मिलिमीटरच्या आणि एकमेकांपासून दूर असलेल्या खाचा आपल्या लाल मातीच्या वाटांना पुरतात. त्या जवळजवळ असतील तर चिखलाने भरून जातात आणि तळ सपाट झाल्यासारखा होतो. ओल्या कातळावर खाचांचा उपयोग नाही, तिथे रबर किती मऊ आहे आणि त्याचा किती भाग खडकाला टेकतो यावर सगळे ठरते. शेवाळ आलेल्या कातळावर मात्र कोणताच बूट भरवशाचा नाही, मग तो कितीही महाग असो. पावसाळ्यातल्या बहुतेक घसरपट्ट्यांचे खापर बुटांवर फोडले जाते, पण तिथे वाट बदलणे किंवा बसून उतरणे हाच उपाय असतो. पाऊस संपल्यावर वाळलेले गवत आणि त्याखालचा घसारा यांवर टाच रुतवून उतरावे लागते. पातळ आणि मऊ टाचेच्या बुटाला ते नीट जमत नाही. इथे बाजूने पावले टाकत उतरणे जास्त सुरक्षित असते.

पाणी न शिरणारे बूट पावसाळी ट्रेकसाठी घ्यावेत असा सल्ला वारंवार दिला जातो. सह्याद्रीच्या पावसात पाणी वरून, घोट्याकडून आत येते आणि मग ते बाहेर जात नाही. जाळीदार, निचरा होणारा बूट आणि लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे मोजे यांनी पाय ओला होतो, पण ओढा ओलांडून अर्धा तास चालल्यावर पाणी बरेचसे निघून जाते. मुक्कामाला कोरडे मोजे बदलावेत, कारण दिवसभर ओली राहिलेली त्वचा सोलवटते आणि फोड येतात.

घोट्याला आधार देणाऱ्या उंच बुटांनी मुरगळणे टळते, ही समजूत खोलवर रुजलेली आहे. उंच बूट घोट्याला थोडे आवरतो हे खरे आहे, पण त्याचा तळ जाड असला तर पाय जमिनीपासून वर असतो आणि कड चुकली की कलंडण्याचा झटका मोठा बसतो. पातळ तळात पाय जमिनीलगत असल्यामुळे तो झटका लहान होतो. त्याची किंमत म्हणजे घोट्याभोवतीच्या स्नायूंनी काम करायला हवे आणि त्यांना ती सवय असायला हवी. बुटाच्या वजनाचाही हिशोब धरावा. पायात घातलेले वजन वाहून नेण्यास पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चार ते सहा पट शक्ती लागते असे प्रयोगांत दिसले आहे, त्यामुळे जड बुटांऐवजी हलके बूट घेतल्याचा फरक दिवसाअखेरीस जाणवतो. दुसरीकडे, पाठीवर मुक्कामाच्या सामानाचे बारा-पंधरा किलो असतील तर तळव्याखालचा प्रत्येक खडा अधिक जोराने दाबतो. सवय पूर्ण झाल्याशिवाय जड सॅकसोबत पातळ बूट वापरू नयेत.

काटे आणि सरपटणारे प्राणी यांचाही विचार व्हायला हवा. बाभळीचा काटा पातळ रबरातून सहज आरपार जातो. काही बुटांच्या तळात काट्याला अडवणारा घट्ट विणीचा थर असतो, माळरानातून आणि झुडपांतून जाणाऱ्यांनी तो असल्याची खात्री करून घ्यावी. उघड्या बोटांच्या बेअरफूट सँडल दिवसा, मळलेल्या वाटेवर ठीक आहेत. पण गवतातून, पाचोळ्यातून किंवा अंधार पडल्यावर त्या वापरू नयेत. कोकणात आणि घाटमाथ्यावर आढळणारे फुरसे आकाराने लहान असते आणि दगडमातीत मिसळून जाते. वरून झाकलेला बूट आणि हातातली विजेरी दोन्ही जवळ हवेत. हिमालयातल्या बर्फाच्या वाटांवर मात्र हे बूट मुळीच नेऊ नयेत. पातळ तळातून थंडी आत येते आणि बर्फावर लावायचे काटेरी साधन मऊ तळावर बसत नाही.

सवय होण्यासाठी लागणारा काळ लोक नेहमी कमी धरतात. स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण कंडरा आणि हाडे त्यांच्यापेक्षा हळू बदलतात, आणि दुखापती या अंतरातच होतात. पहिले काही दिवस घरात आणि जवळच्या दुकानापर्यंत, मग वीस-तीस मिनिटांचे सपाट चालणे, मग दर आठवड्याला थोडी वाढ आणि सराव नसलेल्या दिवशी जुने बूट, असे दोन-तीन महिने चालू द्यावे. पोटरी भरून येणे अपेक्षित आहे. पण पावलाच्या वरच्या बाजूला एका ठरावीक हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर ताबडतोब थांबावे, कारण ती हाडावरच्या बारीक चिरेची सुरुवात असू शकते. घरी खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलण्याचा आणि बाकीची बोटे टेकलेली ठेवून फक्त अंगठा वर करण्याचा सराव केल्यास हा काळ सुसह्य होतो. दुसरी गोष्ट अनेकांना सुरुवातीला जमतच नाही, आणि त्यातूनच पाय किती वर्षे आळसावला आहे हे कळते. डोंगरात पहिल्यांदा हे बूट नेताना छोटा, परिचित ट्रेक निवडावा आणि जुने बूट सॅकमध्ये असू द्यावेत.

परदेशी बनावटीचे जोड अनेकदा दहा हजार रुपयांच्या पुढे जातात. माझा सल्ला असा, की पहिला जोड डोंगरासाठी घेऊ नये. रोजच्या वापराचा साधा, रुंद आणि सपाट जोड घ्यावा आणि त्यात पाय स्थिरावल्यावरच दुसऱ्या, खाचांच्या बुटाचा विचार करावा. पहिल्या जोडाने रुंदीची जाणीव आली की पुढची खरेदी बरीच नेमकी होते. वापरात तळावरच्या खाचा चवड्याखाली सपाट झाल्या की तो बूट शहरात चालेल, डोंगरात नेऊ नये. पातळ तळ झिजून छिद्र पडायला वेळ लागत नाही, म्हणून महिन्यातून एकदा चवडा आणि टाचेची बाहेरची कड तपासावी.

आपल्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या जाड बुटांचा फेसाळ थर भुसभुशीत होऊन तळ ऐन डोंगरात सुटतो. बेअरफूट बुटांत तो थर नसतो किंवा फारच थोडा असतो, त्यामुळे ही अडचण कमी येते. तरी पुढच्या टोकाला चिकटवलेली कड पावसाळ्यात उघडू शकते. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता सुखतळा बाहेर काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, आणि ट्रेकच्या सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी व मजबूत दोरीचा तुकडा ठेवावा.